लिश्टनस्टाइनची प्रशासकीय विभागणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मध्ये, ऱ्हाइन नदीच्या पूर्व काठावर वसलेल्या लिश्टनस्टाइन या संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे 160 चौरस किलोमीटर आहे आणि लोकसंख्या सुमारे 40,000. एवढ्या लहान देशाचे आणखी तुकडे पाडण्याची गरजच काय, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात तेथील पालिका हा राज्यव्यवस्थेचा पायाच आहे; नागरिकत्व, कर, जमीन आणि संसदेतील जागा या सगळ्यांचे धागे शेवटी पालिकेपाशी येऊन पोहोचतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, कायद्याचे विद्यार्थी, प्रवासी आणि नकाशांचे शौकीन वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न: लिश्टनस्टाइनमध्ये राज्ये, प्रांत किंवा जिल्हे आहेत का?

नाहीत. देशाचे शासन आणि पालिका यांच्या मध्ये कोणतीही प्रशासकीय पायरी नाही. देशात एकूण 11 पालिका असून जर्मन भाषेत त्यांना गेमाइंडे म्हणतात. जिल्हाधिकारी, आयुक्त किंवा प्रांताधिकारी यांच्यासारखे मधले पद तेथे अस्तित्वात नाही. दिवाणी आणि फौजदारी खटल्यांची सुरुवात संपूर्ण देशासाठी असलेल्या फाडुट्स येथील एकाच न्यायालयात होते (इंग्रजी नकाशांवरून आपण ज्या गावाचे नाव वाडुझ असे वाचतो, तेच हे फाडुट्स). आणि पोलीस दलही देशपातळीवरचे आहे, जरी मोठ्या पालिकांकडे स्वतःचे थोडे पालिका-पोलीस असले तरी. सर्व 11 पालिकांचा कायदेशीर दर्जा समान आहे. पाचशेच्या आसपास वस्ती असलेले प्लांकेन आणि सहा हजारांची वस्ती असलेले शान यांना एकच पालिका कायदा लागू होतो.

प्रश्न: मग ओबरलांड आणि उंटरलांड हे दोन जिल्हेच नाहीत का?

हा सर्वाधिक गोंधळाचा मुद्दा आहे, आणि तो गोंधळ निर्माण होण्यास कारणही आहे. राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात लिश्टनस्टाइन हे दोन प्रदेशांचे आणि त्यांतील 11 पालिकांचे मिळून बनलेले संस्थान असल्याचे म्हटले आहे. दक्षिणेकडील फाडुट्सचा प्रदेश म्हणजे ओबरलांड, अर्थात वरचा मुलूख. त्यात फाडुट्स, बाल्झर्स, प्लांकेन, शान, ट्रीझेन आणि ट्रीझेनबेर्ग या सहा पालिका येतात. उत्तरेकडील शेलेनबेर्गचा प्रदेश म्हणजे उंटरलांड, अर्थात खालचा मुलूख. त्यात एशन, गाम्प्रीन, माउरेन, रुगेल आणि शेलेनबेर्ग या पाच पालिका आहेत.

परंतु या दोन प्रदेशांना स्वतःचे कार्यालय, अंदाजपत्रक, कर्मचारी किंवा निवडून आलेली सभा यांपैकी काहीही नाही. त्यांचे अस्तित्व आज मुख्यतः दोन ठिकाणी दिसते: संसदेच्या निवडणुकीत ते मतदारसंघ म्हणून वापरले जातात, आणि मंत्रिमंडळाच्या रचनेत त्यांचा विचार करावा लागतो. पाच सदस्यांच्या मंत्रिमंडळात प्रत्येक प्रदेशातील किमान दोन सदस्य असलेच पाहिजेत, असे घटनेचा 79 वा अनुच्छेद सांगतो. म्हणून या दोहोंना ऐतिहासिक प्रदेश किंवा मतदारसंघ म्हणावे. अनेक याद्यांमध्ये त्यांना जिल्हे म्हटलेले आढळते, ते योग्य नाही.

प्रश्न: हे दोन प्रदेश आले कोठून?

ते मुळात दोन वेगळी संस्थाने होती. शेलेनबेर्गची जहागीर आणि फाडुट्सची सरदारकी या दोन्ही पवित्र रोमन साम्राज्याच्या थेट अधिपत्याखालच्या लहान मुलखांना त्यांच्या आधीच्या मालकांनी कर्जात बुडवले होते. त्याच सुमारास लिश्टनस्टाइन या ऑस्ट्रियातील अत्यंत धनाढ्य घराण्याला साम्राज्याच्या सभेत आसन हवे होते, आणि ते मिळवण्यासाठी केवळ सम्राटालाच उत्तरदायी असलेली जमीन हाती असणे आवश्यक होते. घराण्याचे प्रमुख योहान आडाम आंद्रेआस यांनी 1699 मध्ये शेलेनबेर्ग 1,15,000 गुल्डेनला आणि 1712 मध्ये फाडुट्स 2,90,000 गुल्डेनला विकत घेतले. सम्राट सहावा चार्ल्स याने 23 जानेवारी 1719 रोजी हे दोन्ही मुलूख जोडून त्यांचे एक संस्थान केले आणि त्याला घराण्याचेच नाव दिले. देशाच्या नावावरून राजघराण्याला नाव मिळते, असे आपण गृहीत धरतो. येथे नेमका उलटा क्रम घडला.

शेलेनबेर्गच्या मुलखातील पुरुषांनी नव्या मालकाच्या निष्ठेची शपथ 1699 मध्ये बेंडर्न येथील चर्चच्या टेकडीवर घेतली. ही टेकडी आज गाम्प्रीन पालिकेत आहे. मात्र ज्यांच्या नावाने शपथ घेतली गेली, त्या घराण्याला या मुलखात राहण्यात रस नव्हता. सत्तेवर असताना येथे येणारे पहिले प्रिन्स दुसरे आलोइस 1842 मध्ये आले, आणि येथेच कायमचे राहू लागलेले पहिले प्रिन्स दुसरे फ्रान्त्स योझेफ 1938 मध्ये. घरधनी दूर व्हिएन्नात असल्यामुळे गावांचा रोजचा कारभार, विशेषतः जंगल आणि कुरणे यांचा, बऱ्याच अंशी गावांच्याच हाती राहिला, ही बाब पुढील अनेक उत्तरे समजून घेताना लक्षात ठेवावी.

प्रश्न: अकरा पालिकांपैकी सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान कोणती?

कशाच्या दृष्टीने, हे आधी ठरवावे लागते. लोकसंख्येने शान पहिले आहे. तेथे सहा हजारांहून थोडे अधिक लोक राहतात. राजधानी फाडुट्स दुसऱ्या क्रमांकावर असून ट्रीझेन तिसऱ्या क्रमांकावर आहे. क्षेत्रफळाने ट्रीझेनबेर्ग सर्वांत मोठे, सुमारे 30 चौरस किलोमीटरचे, पण त्यातील बराचसा भाग डोंगर आणि उन्हाळी कुरणांचा असल्यामुळे तेथील वस्ती तीन हजारांपेक्षा कमी आहे. लोकसंख्येने सर्वांत लहान प्लांकेन, तर क्षेत्रफळाने सर्वांत लहान शेलेनबेर्ग, सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरचे.

प्रश्न: राजधानी फाडुट्स हे देशातील सर्वांत महत्त्वाचे शहर आहे ना?

राज्यघटनेनुसार फाडुट्स ही राजधानी आहे आणि संसद व शासन यांचे ठिकाणही तेच आहे. मात्र कायद्याच्या दृष्टीने ती इतर दहांसारखीच एक पालिका आहे. तिला शहराचा वेगळा दर्जा नाही. एक फरक मात्र जपला गेला आहे. इतर पालिकांच्या प्रमुखाला गेमाइंडेफोरश्टेयर, म्हणजे पालिकाप्रमुख म्हणतात; फाडुट्सच्या प्रमुखाला ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे महापौर म्हणतात. अधिकारांत त्यामुळे काही फरक पडत नाही.

फाडुट्समध्ये रेल्वे स्थानक नाही. ऑस्ट्रियाची रेल्वे चालवत असलेला एकच मार्ग देशातून जातो, आणि त्यावरील स्थानके शान, नेंडेल्न आणि शानवाल्ड या बाजूला आहेत. हिल्टी या बांधकाम-अवजारांच्या जगप्रसिद्ध कंपनीचे मुख्यालयही शानमध्ये आहे, फाडुट्समध्ये नाही.

प्रश्न: नकाशावर पालिकांच्या सीमा इतक्या विस्कळीत का दिसतात?

पालिकांचा नकाशा प्रथमच पाहणाऱ्याला छपाईत काही चूक झाली असावी असे वाटते. फाडुट्सचे अनेक तुकडे मुख्य भूभागापासून तुटून इतर पालिकांच्या मध्ये पसरलेले आहेत. प्लांकेन, शान आणि इतर काही पालिकांचेही तसेच आहे. कोठे जंगलाचा एक पट्टा, कोठे डोंगरापलीकडचे कुरण, कोठे ऱ्हाइनकाठचा ओलसर सखल भाग.

याचे कारण शेतीच्या जुन्या पद्धतीत आहे. ऱ्हाइनच्या खोऱ्यातील गावांना तीन प्रकारची जमीन लागत असे: वस्तीजवळची शेते, उतारावरचे जंगल आणि उन्हाळ्यात गुरे नेण्यासाठी उंचावरची कुरणे. गावाच्या मागे जी डोंगररांग आहे, तिच्या पलीकडे झामीना नदीचे खोरे आहे, आणि ही उन्हाळी कुरणे मुख्यतः तेथे आहेत. जून महिन्यात गुरे वर चढवायची, सप्टेंबरमध्ये सजवून खाली आणायची, असा हा क्रम होता आणि काही प्रमाणात आजही आहे. शानच्या शेतकऱ्यांची गुश्ग आणि ग्रिच ही कुरणे गावापासून दूर डोंगरापलीकडे आहेत. ट्रीझेनचे वाल्युना हे कुरण खोऱ्याच्या वरच्या टोकाला आहे. जंगल आणि कुरणे आधी अनेक गावांच्या समाईक मालकीची होती. पुढे शतकानुशतके भांडणे, तडजोडी आणि वाटण्या होत गेल्या, आणि ज्या गावाच्या वाट्याला जे कुरण आले ते त्याच्या हद्दीत मोजले गेले. आधुनिक पालिकांच्या सीमा आखताना जमिनीची ही मालकी तशीच उचलण्यात आली. थोडक्यात, तेथे आधी मालकी ठरली आणि मग सीमा. नकाशा नीटनेटका दिसावा म्हणून कोणी एखाद्या गावाला त्याचे कुरण सोडायला लावले नाही, आणि मला तरी ते समंजसपणाचे वाटते.

प्रश्न: ट्रीझेनबेर्ग इतर गावांपेक्षा वेगळे का मानले जाते?

इतर बहुतेक गावे खोऱ्याच्या तळाशी किंवा टेकडीच्या पायथ्याशी आहेत, तर ट्रीझेनबेर्ग उतारावर विखुरलेले आहे. सुमारे 1300 साली आजच्या स्वित्झर्लंडमधील वालिस भागातून आलेले वाल्झर लोक येथे आणि प्लांकेन येथे स्थायिक झाले. त्यांची बोली आजही खोऱ्यातील बोलीपेक्षा निराळी आहे आणि गावात ती अभिमानाने बोलली जाते. डोंगरापलीकडचे श्टेग आणि स्कीसाठी प्रसिद्ध असलेले माल्बुन ही ठिकाणे मुख्यतः याच पालिकेत येतात. श्टेगला जाणारा ग्नाल्प येथील बोगदा 1947 मध्ये खुला झाला, तोपर्यंत हिवाळ्यात पलीकडच्या खोऱ्यात पोहोचणे फार कठीण असे.

प्रश्न: पालिका नेमके काय काम करते?

घटनेच्या 110 व्या अनुच्छेदात पालिकांच्या स्वायत्ततेची मूलतत्त्वे दिली आहेत: प्रमुख आणि इतर पदाधिकाऱ्यांची मुक्त निवडणूक, पालिकेच्या मालमत्तेचा स्वतंत्र कारभार, स्थानिक सुव्यवस्था, आणि नागरिकत्व देण्याचा हक्क. प्रत्यक्ष व्यवहारात बालवाड्या आणि प्राथमिक शाळांच्या इमारती, गावातले रस्ते, पाणीपुरवठा, सांडपाणी, कचरा, बांधकाम आराखडे, अग्निशमन दल, स्मशानभूमी, सभागृहे आणि क्रीडांगणे ही कामे पालिकेकडे असतात. माध्यमिक शिक्षण, न्यायव्यवस्था, आरोग्य विमा आणि परराष्ट्र व्यवहार देशाच्या शासनाकडे आहेत.

पालिकांसाठीचा पहिला महत्त्वाचा स्वायत्तता देणारा कायदा 1864 चा. त्याच्या जागी 1959 मध्ये दुसरा कायदा आला आणि सध्याचा कायदा 1996 चा आहे.

प्रश्न: पालिकेच्या निवडणुका कशा होतात, आणि परदेशी रहिवाशांना मत देता येते का?

दर चार वर्षांनी सर्व 11 पालिकांमध्ये एकाच वेळी निवडणुका होतात. मागील निवडणूक मार्च 2023 मध्ये झाली. पालिकाप्रमुख थेट मतदारांकडून बहुमताने निवडला जातो, आणि पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत न मिळाल्यास दुसरी फेरी घेतली जाते. पालिकेचे मंडळ मात्र पक्षनिहाय प्रमाणशीर पद्धतीने निवडले जाते आणि त्याची सदस्यसंख्या लोकसंख्येनुसार कमीअधिक असते.

मतदानाचा हक्क 18 वर्षे पूर्ण केलेल्या, पालिकेत राहणाऱ्या लिश्टनस्टाइनच्या नागरिकांना असतो. देशातील सुमारे एक तृतीयांश रहिवासी परदेशी नागरिक आहेत आणि त्यांना पालिकेतही मत नाही. ते वर्षानुवर्षे तेथे कर भरतात, मुलांना तेथील शाळेत घालतात, पण आपल्याच गल्लीतल्या रस्त्याबाबत त्यांना मत देता येत नाही. या व्यवस्थेवर टीका होते, आणि ती टीका पटण्यासारखी आहे.

प्रश्न: पालिका कर आकारते का? कोणत्या गावात राहिल्यास कर कमी पडतो?

होय, परंतु स्वतंत्र कर म्हणून नव्हे, तर देशाच्या करावरील अधिभार म्हणून. व्यक्तीच्या उत्पन्नावर आणि मालमत्तेवर देशाचा कर आकारला जातो, त्याचा सर्वोच्च दर 8 टक्के आहे. त्या कराच्या रकमेवर पालिका स्वतःचा अधिभार लावते, आणि तो 150 ते 250 टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याची मुभा कायद्याने दिली आहे. समजा एखाद्याचा देशाचा कर 1,000 स्विस फ्रँक झाला (देशात चलन स्वित्झर्लंडचेच आहे). पालिकेचा अधिभार 150 टक्के असेल तर तिला 1,500 फ्रँक द्यावे लागतील आणि एकूण कर 2,500 फ्रँक होईल. अधिभार 180 टक्के असेल तर तोच आकडा 2,800 फ्रँकवर जाईल. देशापेक्षा पालिकेला अधिक पैसे जातात, हे या गणितावरून लक्षात येईल.

कंपन्यांच्या नफ्यावरील करातही पालिकांचा वाटा असतो. बँका आणि विश्वस्त संस्था फाडुट्समध्ये, उद्योग शानमध्ये, त्यामुळे या दोन पालिका इतरांच्या मानाने श्रीमंत आहेत आणि किमान अधिभार त्यांना परवडतो. उलट ज्या पालिकांकडे कंपन्या कमी आहेत, त्यांच्यासाठी देशाच्या तिजोरीतून आर्थिक समतोलाचा निधी दिला जातो. हा निधी किती असावा आणि कोणत्या निकषावर वाटावा, हा लिश्टनस्टाइनच्या राजकारणातील कायमचा वादविषय आहे.

प्रश्न: संसदेतील जागांची वाटणी कशी आहे?

संसदेत, म्हणजे लांडटागमध्ये, 25 सदस्य असतात. त्यांपैकी 15 ओबरलांडमधून आणि 10 उंटरलांडमधून निवडले जातात. 1989 पूर्वी एकूण जागा 15 होत्या आणि त्यांची वाटणी 9 आणि 6 अशी होती. प्रमाण तेव्हाही तेच होते. उंटरलांडमध्ये देशाची एक तृतीयांशाहून थोडीच अधिक लोकसंख्या असताना त्याला 40 टक्के जागा मिळतात, म्हणजे लहान भागाला किंचित झुकते माप आहे. ऐतिहासिकदृष्ट्या हा दोन स्वतंत्र मुलखांमधला करार असल्यामुळे केवळ डोकी मोजून तो बदलावा, अशी मागणी सहसा जोर धरत नाही.

मतदाराला आपल्या प्रदेशातील जागांइतकी मते असतात, म्हणजे शानच्या मतदाराला 15 आणि रुगेलच्या मतदाराला 10. एका पक्षाची यादी निवडून तिच्यातील नावे खोडता येतात आणि दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारांची नावे लिहिताही येतात. जागा प्रदेशनिहाय वाटल्या जातात, पण पक्षाला जागा मिळण्यासाठी लागणारी 8 टक्के मतांची अट संपूर्ण देशासाठी एकत्र मोजली जाते.

प्रश्न: नागरिकत्व देणे हे देशाचे काम असताना त्यात पालिकेचा संबंध काय?

लिश्टनस्टाइनचा प्रत्येक नागरिक हा कोणत्या ना कोणत्या पालिकेचा नागरिक असतो. पालिकेचे नागरिकत्व नसलेला देशाचा नागरिक, ही कल्पना तेथील कायद्याला मान्य नाही. पूर्वी याचा व्यावहारिक अर्थ असा होता की एखादा माणूस निराधार झाला, तर त्याला पोसण्याची जबाबदारी त्याच्या मूळ गावावर येत असे, मग तो कोठेही राहत असो. साहजिकच गावे नव्या माणसाला आपला म्हणून स्वीकारण्यापूर्वी दहादा विचार करत. शिवाय गावचा नागरिक झालेल्याला समाईक जंगल आणि कुरणातही वाटा मिळत असे.

आज परदेशी रहिवाशाला मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला दीर्घ वास्तव्याचा: 30 वर्षे देशात राहिल्यावर नागरिकत्वाचा हक्क मिळतो, आणि वयाच्या विसाव्या वर्षापूर्वीची वर्षे दुप्पट धरली जातात. तेथे जन्मलेल्या आणि तेथेच वाढलेल्या मुलाला हा मार्ग बराच सोपा जातो. दुसरा मार्ग सामान्य प्रक्रियेचा आहे, आणि तो जगावेगळा म्हणावा असा: अर्जदाराने ज्या पालिकेकडे अर्ज केला असेल, तेथील नागरिक त्याच्या अर्जावर मतदान करतात, ते मंजूर झाल्यावर संसदेची संमती लागते आणि शेवटी प्रिन्स नागरिकत्व बहाल करतात. शेजाऱ्यांनी मतपेटीत आपल्याबद्दल कौल द्यावा, हे अनेकांना अवघडवणारे वाटते, त्यामुळे बहुतेक जण पहिला मार्ग पत्करतात. नव्या नागरिकाला आपले आधीचे नागरिकत्व सोडावे लागते. ही अट काढून टाकण्याचा प्रस्ताव 30 ऑगस्ट 2020 रोजीच्या सार्वमतात फेटाळला गेला.

प्रश्न: कायद्याच्या अभ्यासक्रमातील नॉटेबोम खटल्याचा या पालिकांशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. आंतरराष्ट्रीय कायदा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी, एल.एल.बी.च्या वर्गातला आपला विद्यार्थीही, हा खटला वाचतो. पण त्यात एका खेड्याची भूमिका होती, हे बहुधा नजरेतून सुटते. फ्रीडरिख नॉटेबोम हे ग्वाटेमालात दीर्घकाळ व्यवसाय करणारे जर्मन नागरिक होते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यानंतर लगेचच, ऑक्टोबर 1939 मध्ये, त्यांनी लिश्टनस्टाइनचे नागरिकत्व मागितले. त्यासाठी आधी एखाद्या पालिकेने स्वीकारणे आवश्यक होते, आणि ते काम माउरेन पालिकेने केले. तिला 25,000 स्विस फ्रँक, देशाच्या तिजोरीला 12,500 फ्रँक आणि शिवाय वार्षिक कर, अशी रक्कम ठरली. तीन वर्षांच्या वास्तव्याची अट त्यांच्यासाठी माफ करण्यात आली आणि महिन्याच्या आतच सर्व सोपस्कार पुरे झाले.

पुढे ग्वाटेमालाने त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक मानून अटक केली आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. लिश्टनस्टाइनने त्यांच्या वतीने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने 6 एप्रिल 1955 रोजी, 11 विरुद्ध 3 मतांनी, लिश्टनस्टाइनचा दावा ऐकून घेण्यायोग्य नसल्याचा निर्णय दिला. व्यक्ती आणि देश यांच्यात खरेखुरे नाते नसेल, तर केवळ कागदी नागरिकत्वाच्या बळावर त्या देशाला दुसऱ्या देशाविरुद्ध तिचे संरक्षण करता येणार नाही, असे त्यामागचे सूत्र होते. पैसे घेऊन नागरिकत्व देण्याची ही प्रथा दोन महायुद्धांच्या दरम्यान अनेक पालिकांच्या उत्पन्नाचे साधन होती, आणि तिच्यातून आलेल्या पैशांतून गावांनी आपली कामे केली. गरीब शेतकरी देशाच्या नजरेने पाहिले तर ते समजण्यासारखे आहे, पण न्यायालयाने त्याला आळा घातला हे बरेच झाले.

प्रश्न: गावाची समाईक जमीन आता कोणाच्या मालकीची आहे?

काही गावांत पालिकेची, तर काही गावांत नागरिकांच्या सहकारी संस्थेची, जिला ब्युर्गरगेनोसनशाफ्ट म्हणतात. 1996 मध्ये पालिका कायद्याबरोबरच यासाठी वेगळा कायदा झाला आणि प्रत्येक गावाने आपला निर्णय घेतला. बाल्झर्स, ट्रीझेन, फाडुट्स, एशन आणि माउरेन या पाच ठिकाणी अशा संस्था आहेत. इतर ठिकाणी समाईक जमीन पालिकेकडेच राहिली. संस्थेचे सभासदत्व गावाच्या जुन्या नागरिक कुटुंबांना वारशाने मिळते, त्यामुळे गावात राहायला आलेला माणूस पालिकेचा मतदार झाला तरी जंगलाचा वाटेकरी होतोच असे नाही.

गोव्यातील गावकरी, जिला पोर्तुगीज काळापासून कोमुनिदाद म्हणतात, ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था चटकन समजेल. तेथेही गावची जमीन मूळ वसाहतकऱ्यांच्या वंशजांची समाईक असते आणि पंचायत ही त्यापेक्षा वेगळी संस्था असते. दोन्हींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, तरीही रहिवासी आणि गावकरी यांच्यातील ताण दोन्हीकडे सारखाच आहे.

प्रश्न: स्त्रियांना मताधिकार पालिकांनी आधी दिला की देशाने?

काही पालिकांनी आधी दिला. देशपातळीवर 1971 आणि 1973 मध्ये पुरुष मतदारांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रस्ताव फेटाळला होता. त्यानंतर 1976 मध्ये घटनेत बदल करून, निदान पालिकेच्या कामकाजात तरी स्त्रियांना मत देण्याची मुभा पालिकांना देण्यात आली, आणि त्याच वर्षी फाडुट्सने ती वापरली. 1 जुलै 1984 रोजी देशपातळीवर अखेर होकार मिळाला, तोही 51.3 टक्क्यांच्या काठावरच्या बहुमताने. विचित्र बाब अशी की त्यानंतरही ज्या पालिकांनी निर्णय घेतला नव्हता, तेथील स्त्रिया संसदेसाठी मत देऊ शकत होत्या पण आपल्या गावच्या पालिकेसाठी नाही. शेवटच्या पालिकांनी 1986 मध्ये हा भेद मिटवला. स्वायत्ततेचे कौतुक करताना तिची ही बाजूही सांगायला हवी.

प्रश्न: एखादी पालिका देशातून बाहेर पडू शकते, हे खरे आहे का?

खरे आहे. 2003 मध्ये घटनेत मोठे बदल झाले. प्रिन्स दुसरे हान्स-आडाम यांनी त्यांचा आग्रह धरला होता आणि मार्च 2003 च्या सार्वमतात सुमारे 64 टक्के मतदारांनी ते मंजूर केले. प्रिन्सच्या अधिकारांवरून तेव्हा बराच गदारोळ झाला आणि युरोपातूनही टीका झाली. त्याच बदलांमध्ये चौथ्या अनुच्छेदात पालिकांना देशातून बाहेर पडण्याचा हक्क देणारी तरतूद आली.

प्रक्रिया अशी: पालिकेत राहणाऱ्या, मताधिकार असलेल्या नागरिकांनी बहुमताने प्रक्रिया सुरू करण्याचा निर्णय घ्यायचा, त्यानंतर बाहेर पडण्याच्या अटी कायद्याने किंवा परिस्थितीनुसार आंतरराष्ट्रीय कराराने ठरवायच्या, आणि करार करावा लागल्यास वाटाघाटी पूर्ण झाल्यावर पालिकेत पुन्हा एकदा मतदान घ्यायचे. आजवर कोणत्याही पालिकेने हा हक्क वापरलेला नाही, आणि रस्ता, शाळा, कर व निधी यांत शेजाऱ्यांशी इतके गुंतलेले एखादे गाव तो वापरेल असे दिसतही नाही. तरीही एकेका गावाला देश सोडण्याचा लेखी हक्क देणारी राज्यघटना जगात दुर्मीळच आहे.

प्रश्न: पालिकांचे विलीनीकरण होणार आहे का?

1921 च्या राज्यघटनेत ज्या 11 पालिकांची नावे आहेत, त्याच आजही आहेत. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये गेल्या काही दशकांत शेकडो लहान पालिका एकत्र आल्या. लिश्टनस्टाइनमध्ये तसे एकही विलीनीकरण झालेले नाही. कायदा झाला तरी पालिकांच्या सीमा बदलण्यासाठी, नवी पालिका करण्यासाठी किंवा दोन जोडण्यासाठी तेथील रहिवासी नागरिकांचा बहुमताचा होकार लागतो. त्याऐवजी सांडपाणी, कचरा यांसारख्या कामांसाठी पालिका एकमेकींशी संयुक्त मंडळे करतात आणि नाव-गाव आपापले राखतात.

प्रश्न: नेंडेल्न, बेंडर्न, शानवाल्ड आणि माल्बुन या पालिका आहेत का?

नाहीत, ही पालिकांमधील गावे किंवा वस्त्या आहेत. नेंडेल्न हे एशन पालिकेत, शानवाल्ड माउरेनमध्ये, बेंडर्न गाम्प्रीनमध्ये आणि माल्बुन मुख्यतः ट्रीझेनबेर्गमध्ये येते. टपालाच्या बाबतीत मात्र यांपैकी काहींना स्वतंत्र ओळख आहे. देश स्वित्झर्लंडच्या चार आकडी पिनकोड पद्धतीत सामील असून त्याला 9485 ते 9498 हे क्रमांक दिले आहेत: नेंडेल्न 9485, शानवाल्ड 9486, फाडुट्स 9490, शान 9494, प्लांकेन 9498. म्हणून पिनकोडची यादी पाहून पालिकांची संख्या मोजू नये. उत्तर चुकीचे येते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पालिकांना वर्णानुक्रमे एलआय-01 ते एलआय-11 असे संकेतांक आहेत. बाल्झर्स पहिले आणि फाडुट्स शेवटचे. वाहनांच्या पाट्यांवर मात्र पालिकेची खूण नसते. संपूर्ण देशासाठी एफएल ही अक्षरे आणि पुढे क्रमांक, एवढेच असते, त्यामुळे गाडी कोणत्या गावची हे पाटीवरून कळत नाही.

प्रश्न: चर्चचे विभागही पालिकांप्रमाणेच आहेत का?

जवळजवळ. देशात कॅथलिक पंथाचे 10 परगणे आहेत आणि पालिका 11. प्लांकेनला स्वतःचा परगणा नसून ते शानच्या परगण्यात येते. गाम्प्रीनचा परगणा बेंडर्नच्या नावाने ओळखला जातो. हे सर्व परगणे पूर्वी स्वित्झर्लंडमधील कूर येथील बिशपच्या अखत्यारीत होते. डिसेंबर 1997 मध्ये पोपने त्यांचे स्वतंत्र फाडुट्स महाधर्मप्रांत केले.